शिवीला ओ देणारी आत्या

अख्ख्या परभणी जिल्ह्यात शिवी दिली की 'आले, आले' म्हणत दारात येऊन उभी राहणारी एकच बाई होऊन गेली, आणि ती नेमकी माझी आत्या होती. बाकीच्या बायका शिवीला शिवी देतात, रडतात, पदर खोचून भांडायला उतरतात, नाहीतर ऐकूच आलं नाही असं दाखवून पाण्याला निघून जातात. आत्या यातलं काही करत नसे. चारठाण्याच्या पलीकडच्या तिच्या सासरच्या गावात कुणी गडी आपल्या बायकोवर 'ए सटवे' म्हणून खेकसला, की ही हातातलं काम टाकून सरळ त्याच्या ओट्यावर जाऊन बसायची. "का हो, आवाज दिला?" तुम्हाला नाही दिला, असं त्यानं कितीही सांगितलं तरी ती हलायची नाही. "मंग कुनाला दिला? गावात दुसरी सटवी कोन हाय?" आणि यात खोटं काही नव्हतं. आत्याचं नाव सटवा होतं. पाळण्यात घालून, कानात कुर्र करून ठेवलेलं खरं नाव. आता आत चुलीपाशी बायको मुसमुसतेय आणि बाहेर पाटलाच्या घरची सून पाहुणी म्हणून बसलीय, अशा वेळी त्या मर्दानं करायचं काय? चहा सांगायचा. तो सांगायचा त्याच बायकोला, आणि पाहुणीसमोर मघाचा शब्द वापरायची सोय नाही. मग तो शूर पुरुष घसा खाकरून 'अगं, जरा चहा टाकतीस का' असं म्हणायचा, आणि त्या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी कुणाशी माणसासारखं बोलायचं. आत्या चहा संपेपर्यंत बसायची, बशी पालथी घालायची आणि जाता जाता त्या बाईला सांगायची, "ह्यानं पुन्ना बोलवलं तर म्या हायेच."

हे नाव तिला मिळालं ते तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून. सटवाई म्हणजे पोर जन्मलं की पाचव्या-सहाव्या दिवशी येऊन त्याच्या कपाळावर सगळा जन्म लिहून जाणारी देवी. लेकरू गेलं तर तिनंच नेलं असं म्हणतात. आमच्या आजोबांनी एकदम वकिली डोकं लढवलं. नेणारी तीच असेल तर पोरीला तिचंच नाव द्या, स्वतःच्या नावाचं लेकरू कुठली बाई उचलून नेईल? देवीला हा मुद्दा पटला असावा. आत्या जगली, आणि तिच्या पाठीवर माझे वडीलही जगले. म्हणजे आमच्या घराण्याचा वंश या नावावर उभा आहे, आणि त्याच नावानं आमच्या घराण्यातले पुरुष आपापल्या बायकांचा उद्धार करत आलेले आहेत.

बरं, नावातच खोट म्हणावी तर तसंही नाही. आमच्या भागात सटवाजी नावाचे गडी गावोगाव सापडतील. सटवाजी म्हटलं की डोळ्यापुढं फेटा येतो, बैलजोडी येते, सोसायटीची चेअरमनकी येते. तेच नाव बाईच्या अंगावर गेलं की कजाग, भांडकुदळ, घरबुडवी असे सगळे अर्थ त्याला येऊन चिकटतात. मी कॉलेजात मराठी घेतलं होतं आणि माझ्या डोक्यात नवीन विद्या खळखळत होती. सुट्टीत आत्याकडं गेलो तेव्हा मोठ्या थाटात तिला सांगितलं की तुझं नाव मूळचं संस्कृत आहे, षष्ठी या शब्दावरून आलेलं. षष्ठी म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, सहावी. शिवाय व्याकरणात षष्ठी नावाची विभक्तीही असते, चा-ची-चे. "म्हंजे ह्याची, त्याची, अमक्याची?" मी मान हलवली. आत्या म्हणाली, "मंग बरुबर हाय. बाईचं नाव तसंच पायजे."

तिची स्वतःची व्युत्पत्ती निराळी होती आणि ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. तिचं म्हणणं, चांगलं झालं की माणूस म्हणतो म्या केलं, अन् वाईट झालं की म्हणतो सटवीनं लिवलं. "पीक आलं, म्या पिकवलं. पोरगं पास झालं, म्या शिकवलं. बैल मेला, सटवीनं लिवलं. आसं पिढ्यान्‌पिढ्या करून करून तिची शिवी झाली, बापा. लिवनारीला कोन चांगलं म्हनतंय?" याच्या पुढची तिची पायरी म्हणजे शिव्यांची वर्गवारी. भवानी, जगदंबा, महामाया, सटवी ही यादी ती बोटांवर मोजून म्हणायची आणि विचारायची, "बाप्याला कुनी 'ए महादेवा' म्हनून शिवी दिल्याली आयकली का? त्याला बैल, गाढव, रेडा. बाप्याच्या शिव्या गोठ्यातल्या अन् बाईच्या देवळातल्या." बायकांनाही म्हैस म्हणतातच की, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली की म्हशीला निदान पेंड मिळते.

लग्नाचा प्रसंग तर आमच्याकडं अजून सांगतात. सासरी नवरीचं नाव बदलायचं, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं, ही रीत. गुरुजींनी नवं नाव काय लिहायचं म्हणून विचारलं. आत्याच्या सासऱ्याचं नावही सटवाजीच. म्हातारा मिशीला पीळ देत म्हणाला, "हाय त्यात काय वाईट हाय? माज्या नावाची सून आली. तेच लिवा." सगळ्या मांडवानं वाहवा केली. म्हाताऱ्याचं मन केवढं मोठं, असं जो तो म्हणू लागला. त्या वाहवेत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हीही रीतच. म्हणजे सासूला सुनेला नावानं हाक मारता येईना. आत्याचा नवरा, आमचे मामा, त्यांना बापाचं नाव घेऊन बायकोला हाक कशी मारायची हा पेच पडला. सासरा सुनेला सूनबाई म्हणायचा. स्वतःच्याच नावानं दुसऱ्याला बोलवायला त्यालाही कसंसंच वाटत असणार. नाव राखलं मोठ्या मानानं, आणि शिंक्यावर टांगून ठेवलं.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते सासूचं. ही बाई शिव्यांसाठी जिंतूरच्या बाजारापर्यंत नावाजलेली. तिच्या तोंडातली हुकमी शिवी म्हणजे 'सटवी', आणि तीच आता घेता येईना, कारण म्हाताऱ्यानं भर मांडवात 'माज्या नावाची' म्हटल्यापासून ती नुसती शिवी राहिली नव्हती, नवऱ्याचं नाव झाली होती. गावातल्या सगळ्या सुनांना ही शिवी बसत होती. सटवाजी पाटलाच्या घरात मात्र तिला बंदी होती. राग अनावर झाला की सासू दात-ओठ खायची, हात नाचवायची आणि शेवटी कशीबशी म्हणायची, "आगं... त्येंच्या नावाची!" यावर ओट्यावरून म्हातारा खाकरायचा, आणि आत्या डोईवरचा पदर सावरत हसू दाबायची. सासऱ्याच्या मागं सासू पुन्हा मोकळी होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मेलेल्या नवऱ्याचं नाव तर आणखीच घ्यायचं नसतं. बिचारी शिवीविना गेली.

आत्याची ही सवय गावापुरती असती तर निभावलं असतं. पण ती एसटीनं प्रवास करायची. एकदा जिंतूरहून येताना गाडी खचाखच भरलेली, आणि वांग्याची पाटी घेऊन एक म्हातारी दारात अडकली. कंडक्टर साहेबी थाटात ओरडला, "ए सटवे, उतर खाली." म्हातारी जागची हलली नाही, पण मागच्या बाकावरून आत्या उठली. माणसांच्या मांडीवरून, पिशव्यांवरून, एका झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून वाट काढत खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला पदर सावरून उभी राहिली. तिच्यासोबत मी होतो, मलाही उतरावं लागलं. कंडक्टरनं विचारलं, बाई तुम्ही कामून उतरल्या? "तुमीच म्हनला की. सरकारी मानसाचं आयकावं." त्यानं समजावलं, हात जोडले, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. आत्या म्हणाली, "नाव घिऊन उतरवलंय, नाव घिऊन चढवा." शेवटी त्या कंडक्टरनं लाल डोळ्यांनी, सगळ्या गाडीसमोर, 'सटवाबाई, बसा' असं म्हटलं तेव्हा कुठं गाडी हलली. वांगेवाली म्हातारी तोवर आत्याच्या जागेवर जाऊन बसली होती आणि आत्या चारठाण्यापर्यंत उभी आली. पण तिचा चेहरा त्या दिवशी इतका फुलला होता की मला काही कळेना. एका कंडक्टरनं नाव घेतल्याचा माणसाला एवढा आनंद व्हावा, हे मला त्या वेळी वेडेपणाचंच वाटलं.

आत्याला एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ. तो परभणीला कॉलेजात होता ती नामांतराची सुरुवातीची वर्षं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून मराठवाडा पेटला होता. आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, गावोगाव खरोखर घरं जळली, आणि कुणाची जळली ते सगळ्यांना ठाऊक आहे. आतेभाऊ नाव बदलू नये या बाजूचा. जिंतूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात टेबलावर मूठ आपटून त्यानं आम्हाला सांगितलं होतं की नाव म्हणजे नुसती अक्षरं नव्हेत. नाव म्हणजे इतिहास, नाव म्हणजे अस्मिता, आणि नावाला हात लावणारा आपल्या आईला हात लावतो. घरी येऊन त्यानं हेच भाषण आत्यालाही ऐकवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या साळंवर कुनाचंबी नाव लिवनात का, तुज्या कपाळावर लिवायलेत का? अन् गरिबाच्या झोपड्या जाळून कोंचं नाव राह्यलं रं?" त्यानं तेच भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अस्मिता असली की उत्तरावाचून अडत नाही.

पुढं हा अस्मितावाला परभणीला सरकारी कचेरीत चिकटला आणि वकिलाची मुलगी सांगून आली. पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा तो गावाकडं आला. लहानपणापासून आत्याला 'माय' म्हणणारा पोरगा त्या दिवशी 'आई' म्हणाला, तेव्हाच काहीतरी भानगड आहे हे आम्हाला कळलं. "आई, पत्रिकेत तुझं नाव जरा बरं घालू."

"बरं म्हंजे?"

"सौ. सुनंदा."

"ही कोन?"

"तूच."

आतेभावानं सांगितलं की शहरातली माणसं आहेत, वाचून हसतील, वकिलाकडं हा शब्द शिवी म्हणून वापरतात. जसं काही आपल्याकडं आरतीत म्हणतात. आत्या म्हणाली, "तुज्या आज्यानं नाव बदलू दिलं न्हाई, तू ठिवू देईनास. मला कुनीच इचारलं न्हाई." मग स्वतःच हसून म्हणाली, "छाप बाबा. पत्रिका काय, चार दिवसांनी तिच्यावर भजे खात्यात." त्या रात्री ती जेवली नाही, हे मामांनी मला नंतर सांगितलं. मला फार वाईट वाटलं, आणि आतेभावाच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. दोन्हींपैकी मी काहीच केलं नाही, कारण करवला म्हणून मला त्याच्याकडून सफारी शिवून मिळायचा होता.

लग्न परभणीला, वकिलाच्या दारात, मोठ्या मांडवात. लाऊडस्पीकर नवरीच्या चुलत्याच्या ताब्यात होता आणि तो माईक त्यानं सकाळपासून कुणाला दिला नव्हता. मानाच्या साड्यांची वेळ झाली. "वरमाई सौ. सुनंदाबाई यांनी बोहल्याजवळ यावं." कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला. बायकांच्या पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून आत्या बसलेली. ती मान वळवून वळवून मागं बघू लागली. शेजारच्या बाईला म्हणाली, "कोन हाय वो ही सुनंदाबाई? लोकं ताटकळायलेत अन् हिचा पत्ता न्हाई." मी पुरुषांच्या बाजूनं हातवारे केले, ते तिला दिसले नाहीत. पुकारा होत राहिला. शेवटी चुलत्याचा धीर सुटला. बाजूच्या माणसाकडं वळून, माईक तोंडापुढंच आहे हे विसरून, तो वैतागानं म्हणाला, "कुठं उलथली ही सटवी?"

चारही भोंग्यांतून हा शब्द सगळ्या गल्लीत गेला. आणि आत्या चटकन उठली. "आले, आले," म्हणत, हसत, पदर सावरत ती बोहल्याकडं निघाली.

तिच्या पाठोपाठ आमच्याकडचे सगळे पुरुष उठले. वरमाईला भर मांडवात, भोंग्यावरून शिवी. आयुष्यभर बायकोला तीच शिवी देणारे गडी त्या क्षणी बाईमाणसाच्या इज्जतीसाठी बाह्या सरसावून उभे राहिले. एकानं मांडवाचा खांब उपटायला घेतला. वऱ्हाड परत न्या, अशी हाकाटी झाली. वकील पांढरा पडला, चुलता माईकमागं लपायला बघत होता, आणि नवरी बोहल्यापाशी रडू लागली. आत्या सांगत होती की अवो, त्यांनी शिवी दिली न्हाई, मला बोलवलं. पण तिचं कोण ऐकतो? त्या सगळ्यांना शिवी हवी होती. तेव्हा मुंडावळ्या बांधलेल्या आमच्या आतेभावानं चुलत्याच्या हातातून माईक घेतला. तोंड लाल, आवाज कापरा. त्याच चार भोंग्यांतून तो म्हणाला, "बसा, बसा. ती शिवी नाही. माझ्या आईचं नाव सटवा आहे. सटवाबाई."

लोक बसले. लग्न लागलं. आत्यानं साडी घेतली, सुनेचे डोळे पदरानं पुसले, आणि चुलत्याला स्वतःच्या हातानं पेढा दिला. जेवताना ती मला दोनदा म्हणाली, "आयकलंस का? कसं म्हनला ते?" मला वाटलं, आता सगळं ठीक झालं. पण लग्न मोडायला आलं की आठवणारं नाव लग्न लागलं की पुन्हा विसरतं. मामा गेल्यावर आत्या परभणीला मुलाकडं राहायला गेली. कॉलनीत पहिल्याच दिवशी आतेभावानं सगळ्यांना ओळख करून दिली, या माझ्या आई, सुनंदाबाई.

मी शेवटचा तिला भेटलो त्या वर्षी विद्यापीठाचं नाव एकदाचं बदललं होतं. म्हणजे सरकारच्या भाषेत ते बदललं नव्हतं, वाढलं होतं. आतेभावालाही आता ते मान्य झालं होतं, कारण वरिष्ठांना मान्य होतं. मुलगा-सून कचेरीत, नातवंडं शाळेत. आत्या मागच्या अंगणात गहू निवडत बसली होती, पार वाळून गेलेली. मी तिला नाव वाढल्याची बातमी सांगितली. म्हणाली, "आसं वाढवता येतंय व्हय? मला कुनी बोललं न्हाई." मग गव्हातले खडे वेचत वेचत तिनं कॉलनीची तक्रार सुरू केली. इथली माणसं लई चांगली. मोठ्यानं बोलत नाहीत. बायकोला 'अगं, ऐकतेस का' म्हणतात. "हितं कुनी शिवीबी देत न्हाई रे."

मी हसलो. ती हसली नाही.

"तुला आत्या लय येडी वाटत आसंल," ती म्हणाली. "कुनाच्याबी ओट्यावर जाऊन बसायची म्हनून. आरं, मायबापामागं माजं नाव घेतलं कुनी? तुजा बाप अक्का म्हनायचा. सासूला चालत नव्हतं, मामाला चालत नव्हतं, पोराला लाज वाटती. शिवी देनारेच तेवढे नाव घ्यायचे. त्येंनी हाक मारली की जीव गोळा व्हायचा. म्हनून जायाचे."

अंगणात ऊन आलं होतं. शेजारच्या भिंतीपलीकडं कुणीतरी कपडे धूत होतं. आत्यानं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू म्हन की एकडाव. नुसतं नाव. आत्याबित्या न्हाई."

आपल्याकडं आत्याला एकेरी नावानं हाक मारणं म्हणजे जिभेला डाग देण्याची गोष्ट. मी आधी पुटपुटलो, ते तिला ऐकू आलं नाही. कानही आता जड झाले होते. मग मी चांगला मोठ्यानं म्हणालो, "सटवे."

"ओ," आत्या म्हणाली.

भिंतीपलीकडचं धुणं थांबलं. शेजारीणबाईंनी मान वर काढली. मला खालून वर न्याहाळून त्या म्हणाल्या, "शिकलेले दिसता आणि म्हाताऱ्या माणसाला असं बोलता? सुनंदाबाई, तुम्ही ऐकून कसं घेता हो?"

"बोलू द्या वो," आत्या म्हणाली. "माज्या भावाचं लेकरू हाय. त्याच्याबिगर आता कुनी राह्यलं न्हाई."

बाई तोंड वाकडं करून आत गेल्या आणि दार आपटल्याचा आवाज आला. आत्यानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं, एक खडा वेचून बाजूला टाकला, आणि हळूच म्हणाली, "आनखी एकडाव म्हन."